उभं राहायची जागा

"जाना कहाँ है?"

"कहीं नहीं."

या उत्तराने आमच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंचं समाधान होत नाही. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट लोक घेतात ते कुणाला पोचवायला नाहीतर आणायला. इंदूरहून महूला जाणाऱ्या गाडीला पोचवायला कोण येतं? वीस-बावीस किलोमीटरचा प्रवास, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी. मग मी गळ्यातला कॅमेरा दाखवतो. त्या माझ्याकडे बघतात, कॅमेऱ्याकडे बघतात, आणि "वंदे भारत तो निकल गई," असं सांगून तिकीट पुढे सरकवतात.

त्यांचा तर्क चुकीचा नाही. २०२३ च्या जूनमध्ये इंदूरहून वंदे भारत सुरू झाली तेव्हा आख्खं शहर मोबाइल घेऊन फलाटावर उतरलं होतं. अजूनही ती निघाली की चार-दोन हात वर होतात. रतलाम-इंदूर-महू अशी जी गाडी अप-डाउनवाल्यांना रोज पोटात घालून नेते, तिच्यासाठी हात वर होत नाही. डिझेलवर धावली तर तिला डेमू म्हणा, विजेवर धावली तर मेमू म्हणा, जुनी मंडळी अजून 'शटल' म्हणतात. दांड्याला लोंबणारे विद्यार्थी, खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या दुधाच्या बरण्या, दारात पेपर वाचणारा बँकेतला माणूस, महूच्या छावणीत ड्यूटीवर निघालेले लोक. मला फोटो काढायचा असतो तो या गाडीचा. आणि ती थांबते. हा तिचा सगळ्यात मोठा गुण, फोटोच्या दृष्टीनेही आणि जिवाच्या दृष्टीनेही.

थोडा हिशोब करून बघा. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला तीस मीटर जाते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या एक पाचशेअंशावर ठेवलं तरी तेवढ्या वेळात ती सहा सेंटिमीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे फोटोत कडा पुसट. त्यासाठी उजेड भरपूर हवा, लेन्स महाग हवी, आणि गाडी आली-गेली हे कळेपर्यंत खेळ संपतो. थांब्यावर येणारी लोकल फलाटाच्या तोंडाशी येईपर्यंत ताशी तीसच्या आसपास उतरलेली असते. त्याच पाचशेअंशात ती पावणेदोन सेंटिमीटर सरकते. साधा कॅमेरा पुरतो, मोबाइलसुद्धा पुरतो. वर ती मिनिटभर उभी राहते. धावणाऱ्या गाडीला पकडायला लोक आडरानात, वळणावर, खडीवर जाऊन उभे राहतात. थांबणारी गाडी आपण होऊन आपल्यापाशी येते, आपण फक्त नीट जागी असलं पाहिजे.

ही नीट जागा कुठली, यावर माझं मत आता पक्कं झालंय. स्टेशन निवडताना मी आधी दृश्य बघत नाही. आधी बघतो पाय कुठे ठेवायचे. पाठीला भिंत, खांब किंवा कठडा आहे का, मागून हातगाडी येईल का, पिवळ्या पट्टीच्या आत तीन-चार पावलं मोकळी आहेत का, उजेड कुठून येतो आणि परतायला गाडी कधी आहे. एवढं जमलं की मग डोळ्याला विचारायचं, बाबा, इथून काय दिसतं? पुष्कळांचा क्रम उलटा असतो. आधी फ्रेम ठरते, मग ती फ्रेम मिळवायला पाय एकेक इंच पुढे जातात, आणि पाय कुठे पोचले हे डोळ्याला कळत नाही. कारण तो एकच डोळा असतो, आणि तोही कॅमेऱ्याला चिकटलेला. दुसरा मिटलेला.

लांब पल्ल्याची लेन्स लावली तर आणखी पंचाईत. दोनशे-तीनशे मिलिमीटरच्या लेन्समधून गाडी मोठी दिसते खरी, पण जवळ येताना दिसत नाही. अंतर दाबलं जातं, इंजिन बराच वेळ जागच्या जागी थरथरत असल्यासारखं वाटतं आणि मग एकदम सगळी चौकट भरून टाकतं. त्यात आता डोक्यावर वायर आली. डिझेलचं इंजिन अर्ध्या मैलावरून आपली वर्दी द्यायचं, विजेची गाडी भुरकन येते. आपण समोरच्या गाडीत गुंतलेलो असताना पलीकडच्या रुळावरून दुसरी आली तर तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळून जातो. रुळांच्या जवळपास होणाऱ्या अपघातांच्या बातम्यांत 'गाडी दिसली नाही' असं असतं, तेव्हा लोक हसतात. एवढी मोठी गाडी दिसली नाही? नाही दिसत. ज्याने कॅमेऱ्यातून बघितलंय त्याला विचारा.

रुळावर उतरणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाआधीचं फोटोशूट करायला रुळावर बसणाऱ्या जोडप्यांना हे कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर फोटोग्राफर म्हणतो, "अरे भिया, दो मिनट का काम है." दोन मिनिटांचंच असतं सगळं.

तर आता स्टेशनं.

इंदूर जंक्शन मी मोजत नाही. तिथे गर्दी एवढी की पाठीला भिंत मिळाली तर पुढे बोचकी, आणि पुढे मोकळं मिळालं तर मागून पार्सलची गाडी. पण स्टेशनला लागून शास्त्री पूल आहे. सरवटे बसस्टँड एका अंगाला, गांधी हॉल जवळच, आणि खाली रूळ. वरून फलाटांची शेडं, सिग्नल, निघालेल्या गाडीची डोक्यावरून लांबलचक पाठ असं दिसतं. संध्याकाळी पुलावर वाहनांची जी झुंबड उडते ती बघता हा पूल मी फक्त रविवारी सकाळी वापरतो. पोहे-जिलबी खाऊन, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा हात पुसून, तासभर. पुलावरून फोटो काढताना एक पथ्य पाळायचं. खाली २५ हजार व्होल्टची वायर आहे. तिला हात लावायची गरज नसते, धातूची काठी, ओली छत्री, सेल्फी स्टिक तिच्या जवळ गेली तरी काम होतं. म्हणून रुळांवरच्या पुलांना वायरच्या वरच्या भागात जाळी किंवा पत्रा ठोकलेला असतो. लोक जाळीच्या वरून कॅमेरा उंच धरतात. त्याची काही गरज नाही. लेन्सचं तोंड जाळीला जवळजवळ टेकवा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडा, दूरच्या गाडीवर फोकस करा, आणि जाळी फोटोतून नाहीशी होते. इतकी की घरी दाखवलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

पुढचं सैफी नगर, मग लोकमान्य नगर. नाव वाचून पुण्याच्या पाहुण्यांना गहिवरून येतं. वसाहतीतलं स्टेशन ते, आजूबाजूला घरं, गच्च्यांवर वाळत घातलेली धुणी. फोटोसाठी वाईट नाही, मला मात्र तिथे उभं राहायला संकोच वाटतो. कॅमेरा गाडीकडे वळवला तरी मागे कुणाचं तरी स्वयंपाकघर येतं.

राजेंद्रनगर माझं. इथे मराठी घरं इतकी की फलाटावर गाडीची चौकशी हिंदीत सुरू होते आणि 'अहो, म्हणजे उशीर आहे का?' अशी संपते. दिवसभर मी इथे उभा राहू शकतो आणि त्याचं कारण साधं आहे, फलाट उंच आहे. ब्रॉडगेजच्या उंच फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर ठेवतात. त्यावर पाच-साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला की त्याचे डोळे रुळापासून सव्वादोन मीटरवर येतात. जवळपास चालकाच्या काचेच्या पातळीला. गाडी येते तेव्हा ती डोक्यावर चढत नाही, समोरासमोर येते. दारातल्या माणसाच्या चेहऱ्यावर नजर सरळ जाते. बुटक्या फलाटावरून हाच फोटो काढला तर चाकं, पायऱ्या आणि वर कुठेतरी हनुवट्या. यंत्र आवडणाऱ्यांनी बुटका फलाट घ्यावा, माणसं आवडणाऱ्यांनी उंच.

उजेडाचं गणित इथे बसून मी जुळवलं. इंदूरहून महूकडे रूळ साधारण ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जातात. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, म्हणून महूहून येणाऱ्या सकाळच्या गाडीचं तोंड आणि उजवी कूस दोन्ही उजळतात. पूर्वेच्या अंगाच्या फलाटावर उभं राहायचं, सूर्य पाठीशी. हिवाळ्यात उलट. सूर्य दक्षिणेकडे कललेला, तेव्हा दुपारी चारच्या पुढे महूला जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं, आणि जागा पश्चिमेच्या अंगाला. दुपारी बाराचा फोटो आमच्याकडे काढूच नये. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं आणि इंदूर त्याच्या जरा खाली, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. डब्यांची छपरं पांढरीफटक, खिडक्या काळ्याकुट्ट, माणसांच्या डोळ्यांखाली खड्डे. त्या वेळी घरी जाऊन आमरस खावा.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. पहिल्यांदा त्यांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी एकही फोटो गाडीसाठी बघितला नाही. प्रत्येक फोटोत ते मागचा सिग्नल शोधत होते. एका फोटोत लांब रुळाकाठी पिवळी पाटी होती, 'सी/फा' लिहिलेली. म्हणाले, "ही कशाची ठाऊक आहे का? सीटी, फाटक. इथे हॉर्न द्यायचा. अशी पाटी दिसली तर समज, गाडी कधी बोलणार ते आधीच लिहून ठेवलंय." तेव्हापासून नव्या स्टेशनावर गेलो की आधी ही पाटी शोधतो. हॉर्न कुठून येणार हे माहीत असलं की कॅमेरा डोळ्याला लावायची घाई राहत नाही.

मी त्यांना विचारलं, फलाटाच्या टोकाला कुणी कॅमेरा घेऊन उभा दिसला तर तुम्हाला काय वाटायचं? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "उभा असेल तर काही नाही. हलला की पोटात गोळा यायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "आपण लावला ब्रेक. शंभरच्या वेगात असेल तर गाडी थांबेपर्यंत पाऊण-एक किलोमीटर जाते. तोवर आपण काय करायचं? बघायचं." पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. नोकरीत कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं काही त्यांच्या वाट्याला आलं असावं.

त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळतो. गाडी दिसायला लागली की जागा बदलायची नाही. जिथे आहोत तिथेच, फोटो बिघडला तरी. चालक आपल्याला एकदा बघून हिशोबात धरतो, तो हिशोब मोडायचा नाही. आणि फ्लॅश कधी नाही, दिवसाही नाही. संध्याकाळी सिग्नलचा रंग शोधणाऱ्या डोळ्यावर तो झोत म्हणजे थोबाडीत मारल्यासारखा.

राऊला उतरलं की हवा बदलते. शहर मागे पडायला लागतं, काळी माती दिसते. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडतं तेव्हा आणि जानेवारीत गहू गुडघाभर असतो तेव्हा हे स्टेशन बघावं. फलाटाच्या बाकावर बसून, कॅमेरा मांडीवर टेकवून, पुढ्यात रिकामा रूळ आणि त्यापलीकडे शेत. गाडी आली की तिचे डबे या हिरव्या पट्टीवर ओळीने मांडल्यासारखे उभे राहतात. इथे मी शटर मुद्दाम मंद ठेवतो. एक साठअंश, कधी एक तीसअंश, आणि निघालेल्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत नेतो. डबा स्पष्ट राहतो, शेत ओढल्यासारखं पुसट होतं. पण फिरताना कंबरेतून फिरायचं, पाय रोवलेले. फलाटावर गाडीबरोबर चालत फोटो काढणारे मी बघितले आहेत. फलाट कुठेतरी संपतो, हे त्यांना कसं सुचत नाही कोण जाणे.

हरण्याखेडीला गाडीतून बघतो, उतरत नाही. परतीच्या गाडीचा मेळ बसत नाही.

महूचं स्टेशन आता डॉ. आंबेडकर नगर. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मगावी देशभरातून लोक उतरतात. निळे झेंडे, पांढरे कपडे, फलाटावर तीळ ठेवायला जागा नसते. त्या दिवशी फोटो काढायचा मोह कुणाला होणार नाही? मला होतो, पण त्या गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकणं म्हणजे कुणाच्या तरी लेकरावर पाय देणं. मी पुलाच्या जिन्याच्या वळणावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत न येता उभा राहतो आणि वरून काढतो. एरवी वर्षभर हे स्टेशन निवांत आहे. लष्करी गावाचं स्टेशन असल्याने गणवेशातली माणसं, त्यांचं सामान, छावणीच्या दिशा यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे सांगायला पोलिस लागू नये. स्टेशन मास्तरांना आधी भेटून 'हौशी आहे, गाडीचे फोटो काढतो, फलाट सोडणार नाही' एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. सिनेमा-जाहिरातीच्या चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी आणि फी लागते, तेव्हा तिपाई मांडून, लाइट लावून बसलेला माणूस त्यांना त्यातला वाटणारच. मी तिपाई नेत नाही. कॅमेरा आणि पाण्याची बाटली.

महूच्या पुढे सगळ्यांची आवड सुरू होते आणि माझी थोडी आटते. पाताळपाणी. धबधबा, दरी, पावसात ढग रुळावर उतरलेले. देखणेपणात आमच्या आसपास याला तोड नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास या मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या बोलीवर दिले, तेव्हा खंडव्याकडून नर्मदा ओलांडून, घाट चढून गाडी इंदूरला आली. होळकर स्टेट रेल्वे तिचं नाव. त्याच मीटरगेजवरून, म्हणजे अरुंद रुळांवरून, पुढे मीनाक्षी एक्सप्रेस जायची, राजस्थानातून थेट हैदराबादकडे, वाटेत आमचं इंदूर, खंडवा, अकोला. आईचं माहेर अकोल्याचं. घाटात गाडी हळू व्हायची आणि आम्ही पोरं खिडकीत. आई आमच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून बसायची, दरी संपेपर्यंत. २०२३ च्या सुरुवातीला महूपासून पुढची मीटरगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या साडेनऊ किलोमीटरच्या तुकड्यावर पावसाळ्यात हेरिटेज ट्रेन चालते, २०१८ च्या नाताळात सुरू झालेली. मोठ्या काचांचे डबे, कालाकुंडला उतरून कलाकंद खायचा, परत. तिचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

पण ही सहलीची गाडी, कामावर जाणारी नाही. आणि या सहलीच्या जागेनेच दृश्य आणि सुरक्षितता यांची गल्लत किती महाग पडते हे दाखवलंय. २०११ च्या जुलैत धबधब्याच्या वर पाण्यात उतरलेलं सहलीचं एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात सापडलं. ते दृश्य देशभर टीव्हीवर दाखवलं गेलं. इंदूरची माणसं होती. वर डोंगरात पाऊस पडतो, इथे ऊन असतं, आणि पाणी येताना विचारत नाही. त्यानंतर कठडे झाले, पाट्या लागल्या. तरी पावसाळ्यात रविवारी जाऊन बघा, कठड्याच्या पलीकडे उभं राहून फोटो काढणारे दिसतातच. घाटात गाडी बोगद्यातून बाहेर येताना टिपायची म्हणून बोगद्याच्या तोंडाशी बसणारेही दिसतात. अशा बोगद्यात दोन्ही बाजूंना अंग चोरायला किती जागा असते, हे त्यांनी गाडी नसताना हाताने मोजून बघावं. नको, तेही नको. तिथे जाऊच नये. पाताळपाणीचा चांगला फोटो स्टेशनाच्या फलाटावरून निघतो. मागे डोंगर, पुढे छोटी गाडी, पावसात भिजलेली पाटी. मी तेवढ्यावर खूश असतो.

डोंबिवलीचा माझा भाचा दिवाळीत आला होता. त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला कॅमेरा आणि माझ्यापेक्षा कमी सबुरी. राजेंद्रनगरच्या फलाटावर त्याने घड्याळ बघितलं. "मामा, तुमच्याकडे पुढची गाडी आजच आहे ना?" मुंबईच्या पोराला शोभणारा प्रश्न. तिकडे गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी लोकल, इकडे एक गेली की चहा, पेपर आणि गप्पा. मी त्याला विचारलं, तू तिकडे कुठे उभा राहतोस? त्याने सँडहर्स्ट रोड सांगितलं. खालून मध्य रेल्वेची मेन लाइन, वर हार्बर, एकाच स्टेशनात दोन मजल्यांवर गाड्या. वरच्या फलाटावर दुपारी गर्दी ओसरते आणि तिथून आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून गाडी गेल्यासारखी दिसते. रे रोडचं दगडी स्टेशन, १९१० चं. भायखळ्याची जुनी इमारत, जी नीट दुरुस्त केल्याबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आणि सीएसएमटी, पण तिथे फोटो गाडीचा होत नाही, इमारतीचाच होतो. त्याने ठरवलेला नियम मला आवडला. सकाळी शहराकडे येणाऱ्या गर्दीच्या वेळी तो उलट दिशेच्या, रिकाम्या बाजूच्या फलाटावर उभा राहतो. समोर लोंबकळणारी माणसं, त्याच्या फलाटावर मात्र कबुतरं. "समोरच्या गर्दीत उभं राहून गर्दीचा फोटो येतच नाही मामा, नुसती पाठ येते कुणाची तरी."

लोंबकळणाऱ्यांवरून आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, दारातली माणसं हाच लोकलचा खरा फोटो. माझं म्हणणं, कॅमेरा बघितला की दारातलं तरुण पोर एक हात सोडतं, बाहेर झुकतं, स्टाइल मारतं. आमच्या डेमूतही मारतं. तो फोटो कितीही चांगला आला तरी तो आपण मागवलेला असतो. मी अशा वेळी कॅमेरा खाली घेतो, सरळ दुसरीकडे बघतो. त्याला हे फार सोवळं वाटलं. असेल. गाडी पूर्ण थांबल्यावर त्याच पोराला हात करून विचारलं तर तो लाजतो, केस सारखे करतो, आणि त्याचा जो फोटो येतो तो मला जास्त आवडतो. भाच्याने तसा एक काढला. खिडकीत बसलेल्या भाजीवाल्या आजी, मांडीवर मेथीची टोपली, गजाबाहेर दोन बोटं. निघताना त्यांनीच विचारलं, "छपेगा क्या?"

आता इंदूरला मेट्रोही आली आहे. ३१ मे २०२५ ला, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर असा सहा किलोमीटरच्या आसपासचा पहिला टप्पा सुरू झाला. स्टेशनांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई यांची नावं दिली आहेत. फोटोसाठी ही गाडी सोपी आहे. सगळं उंचावर, रस्त्याच्या कडेने चालत खांबांच्या रांगेत योग्य जागा शोधायची, संध्याकाळी मोकळ्या आभाळावर गाडी रेघेसारखी जाते. स्टेशनच्या आत मी कॅमेरा काढत नाही. तिथली शिस्त वेगळी, आणि खरं सांगायचं तर अजून त्या डब्यांत अप-डाउनवाले पुरेसे दिसत नाहीत. दांड्याला धरून झोपणारा माणूस जोवर मेट्रोत दिसत नाही, तोवर तिचा फोटो मला घरी घेऊन जावासा वाटत नाही. आणखी काही वर्षं जाऊ द्यात.

कुणी विचारलंच की एकच स्टेशन सांगा, तर मी महूकडे नाही, उलट दिशेला बोट दाखवतो. फतेहाबाद चंद्रावतीगंज जंक्शन. एवढं लांबलचक नाव पाटीवर मावतं कसं हे बघायलाही जावं. १६५८ मध्ये जवळच धर्माटला औरंगजेबाने जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहांचा पराभव केला, त्या विजयावरून हे नाव. आता इथे इंदूर, रतलाम आणि उज्जैन अशा तीन दिशा फुटतात आणि एवढं जंक्शन असून गर्दी नावाला. सपाट माळवा, मोठं आभाळ, आणि एका गाडीसाठी दुसरी खोळंबलेली, असं दृश्य फलाटावर बसल्या-बसल्या मिळतं. रुळाजवळ जायचं कारणच पडत नाही. हिवाळ्यात धुकं असेल तर सकाळी जा, पण धुक्यात फलाटाच्या टोकाला जाऊ नका, मधोमध थांबा. खायला सोबत न्या. आणि इंदूरला परत येणारी गाडी कधी आहे ते उतरल्या-उतरल्या मास्तरांना विचारून ठेवा, कारण ती चुकली तर पुढे बराच वेळ तुम्ही, कॅमेरा आणि फलाटावरची कुत्री, एवढेच उरता.